मायनर विषय : गुन्हेगारीशास्त्र

कायदे कसे केले जातात, ते कोण आणि का मोडतो, आणि मोडल्यानंतर समाज काय करतो, या तीन प्रश्नांचा अभ्यास म्हणजे गुन्हेगारीशास्त्र. ही मांडणी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांची. गुन्हा कोणी केला याचा छडा लावणे या विषयात येत नाही. ते काम पोलिसांचे. रक्त, ठसे, विष आणि बंदुकीची गोळी तपासण्याचे काम न्यायसहायक प्रयोगशाळेचे. गुन्हेगारीशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे मृतदेह नसतो, तक्ता असतो. एका शहरातल्या घरफोड्या दहा वर्षांत का घटल्या, सुटलेल्या कैद्यांपैकी किती जण पुन्हा आत आले, शिक्षा वाढवल्यावर तो गुन्हा खरोखर कमी झाला का, असे प्रश्न त्याला सोडवायचे असतात. मालिका पाहून प्रवेश घेतलेल्यांचा हिरमोड पहिल्याच सत्रात होतो, आणि झालेला बरा.

हा विषय पदवीला मुख्य म्हणून घेता येईल अशा जागा भारतात मोजक्याच आहेत. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घेतलेला दुय्यम विषय म्हणून मात्र त्याला आता वाव मिळाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला १६०, आणि त्यांतले अनुक्रमे २४ आणि ३२ श्रेयांक मायनरचे, असा तिचा हिशेब आहे. वर्गातल्या अध्यापनाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तास; म्हणजे तीन वर्षांत मायनरला सुमारे ३६० तास मिळतात. महाराष्ट्राने एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ही रचना स्वीकारली, मायनरचा वाटा काहीसा कमी, १८ ते २० श्रेयांकांचा ठेवला. २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत ती लागू झाली. मेजर-मायनर ही पद्धत मुळात अमेरिकेची. तिथे गुन्हेगारीशास्त्राचा मायनर साधारणपणे सहा अभ्यासपत्रिकांचा, १८ श्रेयांकांचा असतो. म्हणजे वेळ दोन्हीकडे सारखाच तुटपुंजा.

इतक्या वेळात हा विषय पुरा शिकून होत नाही. तरीही मायनर म्हणून तो शोभतो, किंबहुना मायनर म्हणूनच जास्त शोभतो, याचे कारण त्याच्या जन्मात आहे. गुन्हेगारीशास्त्राला स्वतःची अशी अभ्यासपद्धती नाही. १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवर छोटे पुस्तक लिहून युरोपातल्या छळाच्या आणि देहदंडाच्या प्रथेवर घाव घालणारे चेझारे बेक्कारिया कायद्याचे पदवीधर होते. फ्रान्समधल्या न्यायालयीन आकडेवारीत दरवर्षी जवळजवळ तेच प्रमाण कसे दिसते हे दाखवणारे अदोल्फ केटले खगोलशास्त्रज्ञ होते. चेझारे लोम्ब्रोसो वैद्य होते, सदरलँड समाजशास्त्रज्ञ, आणि शिक्षेच्या भीतीचा हिशेब नफा-तोट्याच्या भाषेत मांडणारे गॅरी बेकर अर्थशास्त्रज्ञ. प्रत्येकाने आपल्या मूळ विषयाची हत्यारे इथे आणली. ज्याच्याकडे मूळ विषयच नाही, त्याच्या हातात या शास्त्रात येऊन फक्त मते उरतात, आणि गुन्हेगारीबद्दल मते तर चहाच्या टपरीवरही मुबलक मिळतात.

विद्यापीठांत या विषयाने कायम भाडेकरूसारखेच दिवस काढले आहेत. अमेरिकेत तो समाजशास्त्राच्या विभागात वाढला. त्याच वेळी कॅलिफोर्नियात बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ पासून विद्यापीठात पोलिसांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. पुढे तिथे गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले आणि १९७६ मध्ये ते बंदही करण्यात आले. शेवटच्या वर्षांत तिथले काही अध्यापक पोलीस आणि तुरुंग यांच्यावरच बोट ठेवू लागले होते, हा योगायोग नव्हे. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैसा ओतला आणि ‘क्रिमिनल जस्टिस’ नावाचे विभाग देशभर उगवले. ब्रिटनमध्ये लिऑन रॅडझिनोविच यांनी केंब्रिजला संस्था स्थापन केली ती १९५९ मध्ये आणि कायद्याच्या विद्याशाखेत.

भारतातली सुरुवात मुंबईची. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय निघाले, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५१-५२ मध्ये अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ वॉल्टर रेक्लेस संयुक्त राष्ट्रांच्या वतीने भारतातल्या तुरुंगांची पाहणी करायला आले, आणि गुन्हेगारीशास्त्र व सुधार-प्रशासन यांचे शिक्षण या संस्थेत त्याच दशकात रुजले. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांचा एकत्र विभाग काढला. दिल्लीत १९७२ मध्ये केंद्रीय गृहखात्याने याच जोडनावाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. २०२० मध्ये ती गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात विलीन झाली.  म्हणजे आपल्याकडे हा विषय तुरुंग आणि प्रयोगशाळा यांच्या दारातून आला. सरकारी यंत्रणेला माणसे पुरवणे हा त्याचा पहिला हेतू होता. यंत्रणेला प्रश्न विचारणे मागाहून आले. अभ्यासक्रमांवर त्याची सावली अजून आहे.

मायनरच्या पहिल्या पत्रिकेत सिद्धान्त असतात. नुसत्या नावांची आणि सनावळीची घोकंपट्टी करून ते डोक्यात राहत नाहीत. एकच गुन्हा धरून ठेवला तर राहतात. सोनसाखळी चोरीचे उदाहरण घेता येईल. बेक्कारियाच्या वाटेने जाणारा विचारेल की, चोर पकडला जाण्याची खात्री किती आहे. शिक्षा किती कडक आहे हे त्याच्या लेखी दुय्यम, शिक्षा निश्चित आणि लवकर होते का हे महत्त्वाचे. सदरलँडचा विद्यार्थी विचारेल की, मोटरसायकलवरून साखळी खेचण्याचे कसब या मुलाने कोणाकडून उचलले आणि त्यात काही वावगे नाही असे त्याला कोणत्या सोबतीत वाटू लागले. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडलेला विचार असा की, समाज सर्वांपुढे पैशाचे एकच ध्येय ठेवतो आणि तिथे पोचायचे सरळ रस्ते मात्र थोड्यांनाच देतो. उरलेल्यांतले काही आडवाटेला लागतात. ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला. लोक गुन्हा का करतात यापेक्षा बहुतेक लोक तो का करत नाहीत हे विचारावे, आणि उत्तर घर, शाळा, नोकरी यांच्या बांधिलकीत शोधावे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांना चोराच्या मनाशी फारसे कर्तव्यच नाही. त्यांच्या १९७९ च्या लेखानुसार तीन गोष्टी एका जागी, एका वेळी आल्या की गुन्हा घडतो: करू इच्छिणारा, हाताशी आलेले लक्ष्य, आणि राखणदाराचा अभाव. पहाटेची निर्मनुष्य गल्ली, फिरायला निघालेल्या आजी, आणि तोळ्याचा चढता भाव. हीच मांडणी ओटीपी विचारून बँकखाते रिकामे करणाऱ्या टोळ्यांनाही लागू पडते. तिथे गल्लीच्या जागी फोन असतो.

सगळे सिद्धान्त असे उपयोगी ठरले नाहीत, आणि फसलेला सिद्धान्त कधीकधी जास्त शिकवून जातो. १८७६ मध्ये लोम्ब्रोसो यांनी जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली: कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ओळखता येणारा, उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. इंग्लंडमधले तुरुंगवैद्य चार्ल्स गोअरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली, त्यांची तुलना तुरुंगाबाहेरच्या माणसांशी केली आणि १९१३ मध्ये दाखवून दिले की असा शारीरिक नमुना अस्तित्वातच नाही. गोअरिंग स्वतः आनुवंशिकतेकडे झुकलेले होते. तरीही आकडे जे म्हणाले ते त्यांनी छापले. लोम्ब्रोसोपाशी तुलनेसाठी घेतलेला नीटसा दुसरा गट नव्हता. संशोधनपद्धतीच्या तासाला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

भारतीय विद्यार्थ्याने इथे थांबायला हवे, कारण लोम्ब्रोसोचे पुस्तक येण्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. कवटी मोजण्याची तसदीही त्याने घेतली नाही. जन्म पुरेसा होता. अमुक जमातीत जन्मला म्हणून नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला आणि वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरातली तारेच्या कुंपणाची वसाहत त्यांतली मोठी. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. मात्र लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये, आणि संशयाची नजर या ना त्या वाटेने तीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले ते या नजरेखालचे आयुष्य सांगत. अमेरिकेत हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये शिक्का मारण्याचा सिद्धान्त मांडला: विचलन कृतीत नसते, ते इतरांनी त्या कृतीला लावलेल्या नावात असते. हा धडा भारतात शिकवताना परदेशी उदाहरणे देणारा अध्यापक आपल्या दारातली शाळा सोडून दूरच्या शाळेत जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतले जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे १८७१ चे शब्द २०२४ पर्यंत सरकारी नियमांत जिवंत होते.

दुसरा गाभ्याचा भाग आकडेवारीचा. १९५३ पासून देशातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल निघतो; १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आता तो काढतो. वर्तमानपत्रांत त्यावरून राज्यांची क्रमवारी छापून येते आणि अमुक राज्य सर्वांत असुरक्षित असा मथळा पडतो. मायनरचा विद्यार्थी निदान एवढे शिकून बाहेर पडला पाहिजे की, ही मोजणी नोंदलेल्या गुन्ह्यांची आहे, घडलेल्यांची नाही. एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक कलमे असली तरी सर्वांत गंभीर तेवढेच मोजले जाते. केरळचा गुन्हेदर वर्षानुवर्षे वरच्या रांगेत दिसतो. तिथले लोक अधिक गुन्हेगार असल्याचे लक्षण म्हणून तो वाचणे भाबडेपणाचे, कारण तक्रार करणारे आणि ती नोंदवून घेणारे तिथे जास्त आहेत. तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येऊ लागली की चोऱ्यांचा आकडा फुगतो. चोर वाढलेले नसतात. नोंदीबाहेर राहिलेला भाग किती मोठा असतो याचा अंदाज दुसऱ्या सर्वेक्षणांतून येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि मदत म्हणजे बहुतेक वेळा माहेर किंवा सासरचे कोणी. पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेल्या फारच थोड्या. अमेरिकेत १९६७ च्या अध्यक्षीय आयोगाने हा खड्डा ओळखला आणि घरोघर जाऊन पीडितांना विचारणारे राष्ट्रीय सर्वेक्षण १९७० च्या दशकात सुरू झाले. ब्रिटनमध्ये ते १९८२ पासून आहे. भारतात असे नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण नाही, आणि त्यामुळे गुन्हे वाढले की घटले या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता येत नाही.

मोजणीत कोण सुटतो, याचे आणखी एक उत्तर सदरलँड यांनी दिले. डिसेंबर १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारी हा विषय काढला: गरिबीला गुन्ह्याचे कारण मानणारे सारे सिद्धान्त खोट्या नमुन्यावर उभे आहेत, कारण श्रीमंतांचे गुन्हे तुरुंगाच्या आकड्यांत येतच नाहीत. दहा वर्षांनी सत्तर मोठ्या कंपन्यांच्या कायदेभंगांचा हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तक निघाले, तेही कंपन्यांची नावे वगळून. बदनामीच्या खटल्याच्या धास्तीने प्रकाशक मागे सरला होता. नावांसकट आवृत्ती छापली गेली १९८३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मायनरमधले हेच प्रकरण सर्वांत जवळचे वाटते.

शिक्षेचा भाग तुरुंगापासून सुरू होतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. शिक्षा माणसाला धाक घालते की सुधारते, या पाठ्यपुस्तकी वादाचा चारांतल्या तिघांशी काही संबंधच नाही. सुधारणेच्या बाजूने महाराष्ट्राजवळ स्वतःचा जुना दाखला आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जागा दिली, पोलंडहून आलेले गांधीवादी अभियंते मॉरिस फ्रिडमन, अर्थात भारतानंद, यांनी कल्पना पुढे रेटली. भिंती नाहीत, शेती आहे, कुटुंब सोबत आहे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला प्रेरणा या प्रयोगाची. खुल्या तुरुंगांवरच्या परदेशी ग्रंथांची नावे ज्यांना पाठ असतात त्यांना सांगली जिल्ह्यातली ही जागा अनेकदा ठाऊक नसते.

पीडितांचा अभ्यास तुलनेने नवा. हान्स फॉन हेंटिग यांचे पुस्तक १९४८ चे, आणि सुरुवातीला या शाखेने पीडिताचाच दोष किती हे मोजण्यात बराच काळ घालवला, हे तिचे लाजिरवाणे बालपण. आज भर नुकसानभरपाई, समुपदेशन आणि न्यायालयातली वागणूक यांवर आहे. २००९ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित भरपाईची योजना आली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ल्यातील पीडितांसाठी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ ची. बालगुन्हेगारीच्या पत्रिकेत २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे पंधरावे कलम वाचून वर्ग दुभंगतो: अतिगंभीर गुन्ह्यातल्या १६ ते १८ वयाच्या मुलाची मानसिक-शारीरिक कुवत आणि परिणामांची जाण तपासून प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी त्याचे प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवायचे की नाही हे बाल न्याय मंडळ ठरवते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो संताप, कायद्याचा हेतू आणि पुराव्याची भाषा ही तीन वेगळी करून पाहता येणे, एवढी या पत्रिकेची परीक्षा.

मेजर कोणता असावा, यावर या मायनरचे मोल अवलंबून असते. संख्याशास्त्राशी त्याची जोडी सर्वांत उत्तम, आणि सर्वांत कमी घेतली जाणारी. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या रुळलेल्या जोड्या; त्यांत पुनरुक्तीचा धोका असतो, विचलनाचा तोच धडा दोनदा पदरी येतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला अनेक विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्र आणि दंडशास्त्र ही पत्रिका तशीही मिळते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तिरुनेलवेलीचे के. जयशंकर यांनी २००८ मध्ये मांडलेला सिद्धान्त, प्रत्यक्ष आणि आभासी अवकाशांत तोच माणूस वेगळा का वागतो याबद्दलचा, चांगले प्रवेशद्वार ठरतो. भारतीय भूमीत जन्मलेले सिद्धान्त थोडे आहेत, त्यांतला हा एक.

नोकरीबद्दल स्पष्ट बोललेले बरे. नुसत्या मायनरवर कोणतेही पद मिळत नाही. फौजदार व्हायला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा लागते आणि तिला कोणतीही पदवी चालते. संघ लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांत गुन्हेगारीशास्त्र नाही. अध्यापनासाठीच्या नेट परीक्षेत ते आहे, पण त्यासाठी पदव्युत्तर पदवी हवी. मायनरचा खरा उपयोग पुढच्या दारापर्यंत नेण्यात आहे: टाटा संस्थेतले गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विशेषीकरणाचे समाजकार्य, न्यायसहायक मानसशास्त्र, फौजदारी वकिली, बँकांचे गैरव्यवहार तपासणी विभाग, परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम. टाटा संस्थेनेच मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि १९९० मध्ये तुरुंगांतल्या माणसांसाठी ‘प्रयास’ हा प्रकल्प. प्रशिक्षित माणसांची गरज अशा ठिकाणी असते, आणि पगार बेताचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितांमुळे गरज वाढेल: सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने आवश्यक होत आहे, आणि काही किरकोळ गुन्ह्यांत समाजसेवा ही शिक्षा भारतीय न्याय संहितेत प्रथमच आली आहे. अशी सेवा कोणाच्या देखरेखीखाली आणि कशी करवून घ्यायची, हे सांगणारी माणसे घडवणे हे याच विषयाचे काम.

प्रवेश घेणाऱ्याने महाविद्यालयाकडून आधी अभ्यासक्रम मागून घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: संशोधनपद्धती किंवा संख्याशास्त्राची पत्रिका आहे का, गुन्हेगार जमाती कायद्याला ओळीपेक्षा जास्त जागा आहे का, आणि न्यायालय, बालगृह किंवा तुरुंग यांपैकी कुठे प्रत्यक्ष काम करायला मिळते का. तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तर ते २० श्रेयांक दुसऱ्या विषयाला द्यावेत.